रामजीच्या नावाची चिठ्ठी

मी कलाकार आणते. डहाणू, तलासरी, वाणगाव या पट्ट्यात दुकानाचं उद्घाटन असो, गणपती मंडळाची पंचविशी असो की शाळेचं स्नेहसंमेलन, टीव्हीवर दिसलेला चेहरा हवा असेल तर लोक मला फोन करतात. मुळात नवऱ्याचा मंडपाचा धंदा. मंडप ठरला की लोक विचारत, "वहिनी, स्टेजवर बसवायला कोणी मिळेल का?" मी शोधून द्यायला लागले. त्याला आता बावीस वर्षं झाली.

या अंकाच्या संपादकांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा." मी नाही म्हटलं. गमती लिहायच्या तर एक गोष्ट वगळावी लागली असती, आणि ती वगळून बाकीच्या सांगणं मला जमेना. ज्यांच्याबद्दल ती आहे ते कलाकार यंदा आषाढात गेले. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत, तेच इथे चालेल. बाकीची नावंही बदलली आहेत.

बाहेरच्यांना वाटतं, या धंद्यात मोठ्या ओळखी लागतात. ओळखी दोन फोनमध्ये होतात. लागतात त्या वेगळ्याच गोष्टी. कलाकाराला स्वच्छ संडास लागतो आणि तो स्टेजजवळ लागतो. वय झालेल्याला ताठ पाठीची खुर्ची लागते. मंडळवाले हौसेने सोफा ठेवतात, त्यातून त्याला उठता येत नाही आणि फोटोत तो बुडाल्यासारखा दिसतो. चहात साखर हवी का, हे चारचौघांत विचारायचं नाही. आणि कोणाच्याही घरी जेवायला न्यायचं नाही. एका घरी नेलं की गावात चार घरं रुसतात.

आज टीव्हीवर दिसणाऱ्यापेक्षा तीस वर्षांपूर्वी दिसलेला कलाकार आमच्याकडे जास्त चालतो. आजचे चेहरे मोबाइलवर रोज बघून झालेले असतात. जुना चेहरा समोर आला की माणसाला आपलं त्या वेळचं घर आठवतं, टीव्हीसमोर कोण कुठे बसायचं ते आठवतं. वाणगावच्या एक आजी मालिकेत सुनेला छळणाऱ्या बाईंना भेटायला आल्या. सही नको म्हणाल्या. टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू त्या पोरीला सणाच्या दिवशी घराबाहेर काढलंस, ते काही बरं नाही केलंस." बाई कसलेल्या होत्या. उठून आजींच्या पाया पडल्या, "चुकलं माझं. परत नाही काढणार." आजींनी मग पदराखालून वही काढली. "आता दे सही."

डहाणूतले एक कापडवाले शेठ पाच सह्या घेऊन गेले आणि पुन्हा रांगेत दिसले. मी हटकलं.

"बेन, पांच दीकरा छे," ते म्हणाले. "एक फोटा पर झगडो थाय." पाच मुलगे, एका फोटोवरून भांडणं होतात.

"पण पाच झाल्या ना, शेठ?"

"आ तो मारा माटे." ही त्यांची स्वतःसाठी.

सह्यांचा असा वेगळा कार्यक्रम मी मागाहून सुरू केला. नुसतं स्टेजवर बसवून सत्कार केला की लोकांचं समाधान होत नाही. त्यांना जवळ जायचं असतं. म्हणून स्टेशनजवळचा एक हॉल घ्यायचा, एखाद्या गाजलेल्या विनोदी मालिकेतले दोन-तीन कलाकार आणायचे, प्रत्येकाला एक टेबल. टेबलावर त्यांचे त्या मालिकेतल्या वेशातले फोटो. लोक रांगेने येतात, फोटो घेतात, त्यावर नाव घालून सही मिळते.

यात एकच शत्रू असतो, आणि तो म्हणजे बोलणं. माणूस टेबलाशी पोचला की त्याला बोलायचं असतं. बहिणीच्या लग्नात तुमची मालिका चुकली, आजोबा तुमच्यासारखे हसायचे. दोनशे माणसं मागे उभी असतात. शिवाय नावांचा घोळ. 'हर्षिल'चं 'हर्षल' झालं म्हणून एक मुलगी रडत परत आली होती. म्हणून मी चिठ्ठी काढली. दारातच मी बसायचे. येणाऱ्याने चिठ्ठीवर ज्याला फोटो द्यायचा त्याचं नाव आणि हवा असेल तो एक-दोन ओळींचा मजकूर लिहायचा आणि ती मला द्यायची. मी चिठ्ठ्या वाचून क्रमाने टेबलावर पाठवायचे. कलाकार समोरची चिठ्ठी फोटोवर उतरवतो आणि खाली सही करतो. पहिल्या पन्नासेक चिठ्ठ्यांनंतर तो काय लिहितोय ते वाचतही नाही. हात चालतो, चेहऱ्यावर हसू असतं.

म्हणून वाचायचं काम माझं. फोन नंबर, स्थळं, 'मुलाला सिनेमात घ्या', असलं सगळं मी काढून टाकायचे. एकीने लिहिलं होतं, 'माझ्या सासूबाईंना लिहा की तुम्ही माझ्यापेक्षा वाईट आहात.' तीही काढली. काढलेल्या चिठ्ठीच्या जागी मी आपलं 'सप्रेम शुभेच्छा' लिहून पाठवायचे. आजवर कोणी तक्रार केली नव्हती. सही मिळाली की लोक मजकूर विसरतात, असा माझा अनुभव होता.

आता अण्णा. ज्या मालिकेने ते घरोघरी गेले ती मी कॉलेजात असताना लागायची. मुंबईतलं एक कुटुंब, त्यांचा फ्लॅट, आणि त्यांच्याकडे गावाहून आलेला गडी, सोमल्या. सोमल्या आमच्या डहाणूकडचा दाखवला होता. त्याला लिफ्टची भीती, दारावरच्या घंटेची भीती, फोनची भीती. फोन वाजला की तो सोफ्यामागे लपायचा आणि डोकं वर काढून म्हणायचा, "माना काय समजं नाय." मला काही समजत नाही. तेवढं म्हटलं की अख्खा महाराष्ट्र हसायचा. अण्णांनी त्यानंतर बरीच कामं केली, पण कोणाला एक आठवत नाही. आठवतो तो सोमल्या.

आमच्या घरीही ती मालिका चुकत नसे. आम्ही किनाऱ्याकडचे वाडीवाले. घरात टीव्ही होता म्हणून वाडीवर कामाला येणारी माणसं त्या वेळेला पडवीत येऊन उभी राहायची, खिडकीतून बघायची. वारली सगळी, आसपासच्या पाड्यांवरची. सोमल्या बोलायचा ते, म्हटलं तर, त्यांचं बोलणं. आम्ही पोट धरून हसायचो. ती हसत होती की नाही, ते मला सांगता येणार नाही. माझी पाठ त्यांच्याकडे होती.

दोन वर्षांपूर्वी माघात मी त्या मालिकेचा कार्यक्रम केला. अण्णा आणि त्यात मालकीणबाई झालेल्या बाई, दोघेही आले. फ्लेक्सवर मी सोमल्याचा फोटो घातला आणि खाली मोठ्या अक्षरांत 'माना काय समजं नाय'. डहाणू स्टेशनपासून तलासरी नाक्यापर्यंत लावले. ही कल्पना माझीच. मला ती फार चांगली वाटली होती.

अण्णा तेव्हा ऐंशीला टेकलेले. बायको गेलेली, मुलगा परदेशात. गाडीतून उतरल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "रांग आहे ना गं, नीला?"

"गेटबाहेर गेलीय."

"मग ठीक," ते म्हणाले आणि काठी गाडीतच ठेवली. रांगेसमोर काठी घेऊन ते कधी गेले नाहीत.

रांग अर्धी सरली असेल तेव्हा एक बाई चिठ्ठी लिहायला बसल्या. चाळिशी उलटलेल्या, पांढरी साडी, खांद्याला पर्स. नर्स असावी हे साडीवरून कळत होतं. इतर लोक उभ्या-उभ्या लिहितात. यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं. चिठ्ठी देऊन त्या रांगेला लागल्या. मी वाचली.

'रामजीस. मी तुमच्या बोलण्याची नक्कल करून लोकांना हसवलं. त्यात तुमची शाळा सुटली. माझं चुकलं.'

मी एकदा बाईंकडे बघितलं. त्या शांतपणे उभ्या होत्या. मी विचार केला तो इतकाच, की हे टेबलावर गेलं आणि अण्णांनी न वाचता उतरवलं तर उद्या त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरेल. वाचलं तर म्हातारा माणूस तिथेच खचेल आणि मागे शंभर माणसं उभी आहेत. दोन्हीकडून कार्यक्रमाचं वाटोळं. मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि दुसरीवर लिहिलं, 'रामजी यांना सप्रेम शुभेच्छा.' या सगळ्याला चहा ओतायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

टेबलाशी त्यांची पाळी आली तेव्हा माझं तिकडे लक्ष होतं. अण्णांनी लिहिता लिहिता विचारलं, "रामजी कोण?"

"भाऊ माझा."

"आला नाही?"

"बरं नाही त्याला."

आजारी माणसासाठी फोटो नेत असतील तर अण्णा एक गोष्ट हमखास करत. ती ते मनापासून करत, हे मला इथे सांगितलं पाहिजे. त्यांनी पेन खाली ठेवलं, मान खांद्यात घातली, टेबलामागून डोळे वर केले आणि तो आवाज काढला, "माना काय समजं नाय." मग स्वतःच्या आवाजात म्हणाले, "सांगा भावाला, सोमल्याने विचारलंय म्हणून. लवकर बरा हो म्हणावं."

रांगेने टाळ्या वाजवल्या. बाईंनी फोटो घेतला, मान हलवली आणि दाराशी आल्या. तिथे थांबून त्यांनी तो वाचला. मग माझ्या टेबलाशी आल्या.

"माझी चिठ्ठी कुठंय?"

"ताई, कलाकार तसं काही लिहून देत नाहीत."

"त्यांना विचारलंत?"

"ते विचारायचं नसतं."

"म्हणजे त्यांनी वाचलीच नाही."

"नाही."

"मग नाही कोण म्हणालं? तुम्ही."

मागचा माणूस चिठ्ठी पुढे करत होता. मी बाईंना बाजूला खुर्ची दिली आणि थांबायला सांगितलं. त्या तासभर थांबल्या. रांग संपल्यावर मी त्यांच्याशी बोलले. त्यांचं नाव सुनंदा. झरीच्या. तलासरी तालुक्यातच एका उपकेंद्रात नर्स.

रामजी त्यांचा थोरला भाऊ. आश्रमशाळेत पहिला यायचा म्हणून गुरुजींनी त्याला आठवीला डहाणूच्या शाळेत घातलं. ते वर्ष मालिकेचं. वर्गात त्याचं नाव सोमल्या पडलं. तेही त्याने सोसलं. स्नेहसंमेलनात त्याला कविता म्हणायला उभं केलं. चांगली पाठ होती. त्याने तोंड उघडलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "माना काय समजं नाय." मग सगळा मांडवच ओरडला. शिक्षकसुद्धा हसत होते. रामजी तसाच उभा राहिला, मग उतरला आणि त्याच दिवशी झरीला चालत आला. परत शाळेत गेला नाही. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून लागला. त्याच्याच कमाईवर धाकट्या सुनंदाताई नर्स झाल्या.

"हे सगळ्यांचंच काहीतरी असतं," मी म्हटलं. मला तेव्हा तेवढंच सुचलं. "शाळेत मुलं चिडवतातच."

"चिडवतात," त्या म्हणाल्या. "पण तो तेव्हापासून परक्या माणसासमोर बोलतच नाही. बोटीवर पण हूं आणि नाय, दोनच शब्द. पायाला सूज आली ती त्याने वर्षभर कोणाला सांगितली नाही. कॅम्प झाला आमच्याच गावात, मी होते तिथे. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, तर बसून राहिला. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा कळलं. आता आठवड्यातून दोनदा वापीला नेते. तिथे पण डॉक्टरला काय दुखतं ते मीच सांगते."

"त्याने मागितलंय का असं लिहून?"

"तो काय मागणार. मला वाटलं. त्याला वाचता येतं. एकदा त्याने ते वाचावं. बाकी काही नाही." मग पर्सची चेन लावत म्हणाल्या, "तुमचा बोर्ड लागलाय ना नाक्यावर, त्याच्यासमोरूनच गाडी जाते वापीला. जाताना पण, येताना पण."

मी त्यांचा पत्ता आणि फोन नंबर घेतला आणि 'बघते' म्हटलं. आमच्या धंद्यात 'बघते'चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. त्यांनाही होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. फोटो त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवला आणि गेल्या.

कार्यक्रमानंतर जेवताना अण्णांची एक सवय होती. गर्दीत त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. म्हणून ते विचारायचे, "सांग बघू, आज कोण कोण आलं होतं?" मी एकेकाचं सांगायचे आणि ते भाताबरोबर ते मिटक्या मारत ऐकायचे. त्या दिवशीही विचारलं. मी दोन-तीन जणांचं सांगितलं.

"आणि ती नर्स? भाऊ आजारी होता ती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही गं. माझं चुकलं का काही?"

मला गोष्टी लपवता येतात. धंद्याची गरज आहे ती. पण त्यांनी सरळ विचारलं, आणि दिवसभराच्या दमणुकीत म्हणा, मी पर्समधून चिठ्ठी काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. रामजीचं जे ऐकलं होतं तेही सांगितलं, किडन्यांसकट.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"ही मला तिथेच का नाही आली?"

"मी काढली. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला," ते म्हणाले. पुढे जेवले नाहीत. हात धुऊन आले आणि बसून राहिले. मग आपणहूनच बोलायला लागले.

"नाटकाच्या दौऱ्यावर होतो. गाडी चुकली म्हणून वाणगाव स्टेशनावर दुपारभर बसलो होतो. एक जण ताडगोळे घेऊन बसला होता. त्याच्याशी गप्पा मारल्या. काय गोड बोलत होता. घरातलं सांगत होता, बायकोचं, बकरीचं. मला ताडगोळे सोलून सोलून खायला घातले. पाहुणे म्हणाला. तो आवाज मी तसाच्या तसा उचलला. लोक म्हणायचे, हुबेहूब. मला त्याचा अभिमान होता, नीला. अजून आहे."

"ते लिहिलं होतं लेखकाने. तुम्ही केलंत."

"समजं नाय हे लेखकाने लिहिलं. त्या माणसाला सगळं समजत होतं." मग म्हणाले, "हे मी सही करून दिलं, तर माझ्याजवळ काय उरतं सांग. दुसरं काही केलंच नाही मी."

त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. गाडीत बसताना म्हणाले, "तिचा पत्ता असू दे तुझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरचे फ्लेक्स काढून घेतले. कार्यक्रम झाल्यावर काढायचेच असतात. त्यात काही विशेष केलं असं मी म्हणत नाही.

चैत्र संपता संपता माझ्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. आत माझ्यासाठी चिठ्ठी, 'हे त्याच्या हातात दे. पोस्टाने नको, हरवेल.' आणि एक चिकटवलेलं लहान पाकीट, त्यावर फक्त 'रामजी'. मला बरं वाटलं. म्हाताऱ्याने केलं म्हणून बरं वाटलं, आणि एक काम मार्गी लागलं म्हणूनही.

लग्नसराई ऐन भरात होती. आमचे सहा मांडव उभे, दोन ठिकाणी गायक यायचे, एकाचा ऐनवेळी आवाज बसल्याचं कळलेलं. झरी काही लांब नाही. गाडीने तासाभराचंही काम नाही. पण सकाळी ठरवायचे आणि दुपारी राहून जायचं. सुनंदाताईंना फोन करून 'पत्र आलंय, येऊन घेऊन जा' इतकं सांगता आलं असतं. ते मी केलं नाही, कारण मला ते माझ्या हाताने द्यायचं होतं. चांगलं काम करतोय तर त्या वेळी आपण तिथे असावं, असं माणसाला वाटतं. पाकीट टेबलाच्या खणात राहिलं. मुहूर्तांना मधे खाडा पडला तेव्हा मी गाडी काढली.

पाड्यावर घर विचारावं लागलं नाही. अंगणात ताडपत्री घातली होती, चार-पाच माणसं बसली होती. एक म्हातारी भिंतीला टेकून होती. मी गाडीतून उतरले तेव्हाच मला कळलं. या घरात काय झालंय हे कळायला माणसाला काही विचारावं लागत नाही.

सुनंदाताई आतून आल्या. मी पाकीट पुढे केलं. "अण्णांनी पाठवलं. रामजीभाऊंसाठी."

ते लहान पाकीट मी मोठ्या पाकिटातच ठेवलं होतं, हरवू नये म्हणून. नर्सच्या हाताला सवय असते, कुठलाही कागद आला की आधी तारीख बघायची. त्यांनी पाकीट उलटलं आणि पोस्टाचा शिक्का बघितला. मग माझ्याकडे.

"तुमच्याकडे कधी आलं हे?"

"सतरा दिवस झाले."

"तो गेला त्याला आज आठवा दिवस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. बोटांवर काही मोजल्यासारखं केलं. "मधे दोन-तीन दिवस चांगले होते. पेपर वाचत होता."

मी लग्नसराईचं काही बोलले नाही. तोंडाशी आलं होतं, ते गिळलं.

त्यांनी पाकीट फोडलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचलं. म्हातारीला ऐकू जावं म्हणून असेल. साधा रेघांचा कागद होता. फोटो नव्हता. माझ्या लक्षात राहिलं तसं लिहिते.

'रामजी, वाणगावच्या एका माणसाने मला पाहुणा समजून प्रेमाने वागवलं. त्याचं बोलणं मी नेलं आणि त्याच्यावर लोकांना हसवलं. त्यातून माझं पोट चाललं. तुमची शाळा सुटली हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी ते काम सोडलं असतं, असं खोटं लिहीत नाही. तुमच्या बहिणीने लिहून दिलं होतं ते मी माझ्या अक्षरात लिहितो. माझं चुकलं. आता तुम्ही डॉक्टरांशी बोलत जा.'

खाली सही होती. फोटोवर करायचे तशी लांब शेपटीची नाही. बँकेत करतात तशी, पूर्ण नावाची.

वाचून झालं. म्हातारीने काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. सुनंदाताईंनी तिला दोन शब्दांत सांगितलं. मग कागद घडी करून ब्लाउजात ठेवला.

"मी ठेवते हे," त्या मला म्हणाल्या. "तुमच्याकडे नको." मग, घरी आलेल्या माणसाला विचारतात तसं, "पाणी घेणार?"

मी घेतलं. नाही म्हणायचा मला हक्क नव्हता.

परत येताना मी ठरवलं होतं की अण्णांना आपणहून फोन करायचा नाही, थोडे दिवस जाऊ द्यायचे. पण त्यांचाच आला, चौथ्या दिवशी. इतर वेळी ते आधी माझ्या नवऱ्याची चौकशी करत, मग मांडवांची, मग हळूच पुढच्या कार्यक्रमाचं विचारत. त्या दिवशी यातलं काही नाही.

"पोचलं का गं?"

"पोचलं, अण्णा."

"त्याच्या हातात?"

मी दुकानात उभी होते. समोर कामगार बांबू उतरवत होते. मी म्हटलं, "हो. त्याच्या हातात."

"वाचलं त्याने?"

"वाचलं."

"तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोर."

मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

इतकी वर्षं मी लोकांच्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागी माझ्या लिहिल्या. 'त्यांनी तुम्हाला माफ केलं' एवढं म्हणणं मला अवघड नव्हतं. म्हातारा माणूस सुखाने झोपला असता. शब्द तयार होते. पण ज्या माणसाने आयुष्यभर परक्यासमोर तोंड उघडलं नाही, त्याच्या तोंडी मी शब्द घालायचे, एवढं माझ्याने झालं नाही. बाकीचं खोटं झालं, तेवढं झालं नाही.

"काही नाही म्हणाले," मी सांगितलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, अण्णा."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याने मला का म्हणून काही सांगावं?"

आणि फोन ठेवला. त्यानंतर ते वर्षभर होते. मधूनमधून फोन करत. रांगेचं त्यांनी परत कधी विचारलं नाही.